वय किती आणि ताकद किती?

मंडळी, या वीकेंडला कोडिंगला सुट्टी. थोडा वैद्यकाचा इतिहास.

आमच्या मालवण किनाऱ्यावर रापण ओढताना पंचाहत्तरीचे आजोबा दिसतात. त्याच वाडीत पासष्टीचे काका पायरी उतरायला हात मागतात. उद्या दोघांनाही रक्ताचा कॅन्सर झाला, तर दोघांना डोस एकच? की "आता ह्या वयात कित्याक?" म्हणून दोघांनाही घरीच ठेवायचं?

१९३१ साली मेहरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या, तेव्हा त्यावर इलाज असा नव्हताच. १९३२ मध्ये त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी ट्रस्ट निघाला, १९४१ मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उघडलं. तेव्हापासून आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की 'टाटाक न्या'.

पुढे केमोथेरपी आली. पण नव्या औषधांच्या चाचण्यांत भरती व्हायची ती जास्त करून तरुण, धडधाकट पेशंटांची. म्हाताऱ्यांच्या वाट्याला मग दोनच गोष्टी: पूर्ण डोस सोसा, नाहीतर काहीच नको.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी थकलेलं शरीर मोजायच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची कमजोर पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन जुळल्या की माणूस 'फ्रेल', म्हणजे आतून खचलेला. रापणीचे आजोबा यात पास!

२०११ मध्ये फ्रान्स-बेल्जियममधल्या डॉक्टरांनी लिम्फोमाच्या ऐंशीपुढच्या १४९ पेशंटांना केमोचा साधारण निम्मा डोस दिला. दोन वर्षांनी त्यातले ५९ टक्के हयात होते. म्हणजे 'काहीच नको' हे उत्तर चूक होतं.

२०१५ मध्ये मायलोमाच्या ८६९ पेशंटांवरून एक स्कोअर निघाला. वय, इतर आजार, अंघोळ-कपडे, स्वैपाक-पैशाचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमतात का, हे सगळं त्यात धरलं. तीन वर्षांनी धडधाकट गटातले ८४ टक्के हयात होते, फ्रेल गटातले ५७ टक्के. आजार एकच, फरक शरीराचा.

माझ्यातला इंजिनियर मात्र इथे कुरकुरतो. या स्कोअरमध्ये ऐंशी ओलांडली की नुसत्या वयावरच माणूस फ्रेल ठरतो. ब्याऐंशीचे आजोबा रापण ओढत असले तरी! वयाचा आकडा दारातून बाहेर काढला, तो खिडकीतून परत आत आला.

असो. टाटामध्येही २०१८ पासून ज्येष्ठांची अशी सविस्तर तपासणी करणारं क्लिनिक आहे. पण सगळीकडे ती होईलच असं नाही, आणि आपण पुण्या-मुंबईत, आईबाबा गावाला. म्हणून वेळ आलीच तर डॉक्टरांना नुसतं वय सांगू नका. बाजारापर्यंत चालत जातात का, वजन किती घटलंय, पडले होते का, गोळ्या स्वतः घेतात का, हेही सांगा. आणि त्यांना स्वतःला काय हवंय, तेही एकदा विचारा. डोस त्यावरूनही ठरतो.