पैठणचे खडे, ग्रीकांच्या पुराणकथा

पनवेल : नखाएवढ्या खड्यावर सिंहाशी झुंजणारा हेराक्लिस कोरण्याची कला प्राचीन ग्रीकांनी परमोत्कर्षास नेली होती. कुरुंदाची पूड व तेल लावलेल्या फिरत्या हत्याराने अकीकासारखे कठीण खडे कोरले जात. आकृती खोलगट कोरल्यास मुद्रा तयार होई व मेणावर तिचा उठाव उमटे. ऑनिक्स या पट्टेदार खड्याचा पांढरा थर कोरून गडद थरावर उठावाचे चित्रही साकारत.

अशा खड्यांचा एक मोठा स्रोत दख्खन होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार पैठणचा ऑनिक्स गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला नेला जाई व तेथून निर्यात होई. पनवेलनजीकचे कल्याण बंदर पैठणला अधिक जवळ होते. परंतु राजकीय संघर्षामुळे तेथील व्यापारावर निर्बंध आले होते. तेथे पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला धाडली जात, असे हाच ग्रंथ सांगतो.

या व्यापारातून ग्रीक दैवतेही दख्खनमध्ये पोहोचली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे.