व्होल्टेज कमी केलं की पॉवर सप्लाय जास्त का तापतो?

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांना कधी ५, तर कधी १२ व्होल्ट लागतात. अशा वेळी नॉब फिरवून व्होल्टेज बदलता येणारा पॉवर सप्लाय कामी येतो. घरी तो बनवताना एलएम३१७ हा आयसी अनेकदा वापरला जातो.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट एसी कमी करतो, ब्रिज रेक्टिफायर त्याचा डीसी करतो आणि कपॅसिटर चढउतार कमी करतो. मग एलएम३१७ स्थिर व्होल्टेज देतो. हे व्होल्टेज किती, ते एक रेझिस्टर आणि नॉबखालचा पोटेन्शिओमीटर ठरवतात.

खरी अडचण उष्णतेची असते. समजा, आयसीला २४ व्होल्ट मिळतात आणि १ अँपिअर करंट वाहतो. आउटपुट १८ व्होल्ट असेल तर आयसीत ६ वॅट उष्णता तयार होते. ५ व्होल्ट असेल तर तब्बल १९ वॅट! फार तापल्यास आयसी स्वतःला वाचवण्यासाठी आउटपुट खाली आणतो.

म्हणून हीटसिंक निवडताना सर्वांत कमी व्होल्टेज आणि सर्वाधिक करंट धरूनच हिशोब करावा. २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज आणि धातूच्या डब्याला अर्थिंग मात्र हवंच.