डार्टमथ माजी विद्यार्थी संघ
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हॅम्पशर राज्यात हॅनोव्हर येथे असलेल्या डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीधरांची संघटना. स्थापना १८५४. वैद्यक, अभियांत्रिकी, व्यवसाय-प्रशासन इ. शाखा असलेले डार्टमथ स्वरूपाने विद्यापीठच होय. तथापि ‘महाविद्यालय’ हे नाव त्याने हट्टाने जपले आहे. या हट्टामागील इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय संघाच्या कार्याचे मर्म कळत नाही.

एलीएझर व्हीलॉक या धर्मोपदेशकाने तिसऱ्या जॉर्जच्या १७६९ च्या सनदेनुसार ही संस्था स्थापन केली. सनदेने कारभार बारा विश्वस्तांकडे सोपविला व रिकामी होणारी जागा त्यांनीच भरावी, असे ठरवून दिले. १८१६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून संस्थेचे ‘डार्टमथ विद्यापीठ’ असे नामांतर केले आणि विश्वस्तांची संख्या २१ वर नेली. जुन्या विश्वस्तांनी याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडणारा डॅन्येल वेब्स्टर हा डार्टमथचाच १८०१ चा पदवीधर होता. सनद हा एक करार असून राज्याला तो मोडता येणार नाही, असा निर्णय मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल याने १८१९ मध्ये दिला. संस्था बचावली, परंतु विश्वस्त राज्याला जबाबदार नाहीत, तर कोणाला, हा प्रश्न या निर्णयाने अनुत्तरितच ठेवला. पदवीधरांनी पुढे आपल्या परीने त्याचे उत्तर दिले.

आरंभीची काही दशके संघाचे स्वरूप स्नेहमेळाव्याचेच होते. १८८१ मध्ये मात्र न्यूयॉर्कमधील पदवीधरांनी तत्कालीन अध्यक्ष सॅम्युएल बार्टलेट याच्या कारभाराविरुद्ध तक्रार केली आणि विश्वस्तांना तिची रीतसर सुनावणी करावी लागली. कारभारात वाटा मिळावा या मागणीने नंतर जोर धरला व १८९१ मध्ये विश्वस्त मंडळाने ती मान्य केली. राज्याचा गव्हर्नर व संस्थेचा अध्यक्ष हे दोघे पदसिद्ध सभासद वगळता उरलेल्या दहांपैकी पाच विश्वस्त पदवीधरांच्या मताने निवडले जाऊ लागले. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून देतात, त्या पद्धतीशी या व्यवस्थेचे साम्य आहे. भेद एवढाच की, मुंबईतील हक्क कायद्याने दिलेला, तर डार्टमथचा हक्क विश्वस्तांच्या ठरावाने आलेला. हा भेद शंभर वर्षांनी निर्णायक ठरला.

संघाच्या परंपरांना वळण लावले ते अध्यक्ष विल्यम ज्यूएट टकर (कार. १८९३–१९०९) याने. १८९५ मध्ये त्याने ‘डार्टमथ रात्र’ सुरू केली. नव्या विद्यार्थ्यांनी ज्येष्ठ पदवीधरांची भाषणे ऐकावीत व आपण कोणत्या मालिकेत दाखल झालो हे जाणावे, हा तिचा हेतू. त्याच रात्री अन्य शहरांतील पदवीधर आपापल्या मंडळांत जमत आणि हॅनोव्हरला तारा करीत. पुढे या उत्सवाला प्रचंड होळीची जोड मिळाली. फेब्रुवारी १९०४ मध्ये डार्टमथ हॉल ही जुनी लाकडी वास्तू जळून खाक झाली, तेव्हा बॉस्टनच्या पदवीधरांनी तत्काळ सभा भरवून निधी उभारण्यास प्रारंभ केला. ज्याच्या पूर्वजाचे नाव संस्थेला मिळाले, तो सहावा अर्ल ऑफ डार्टमथ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून कोनशिला बसविण्यासाठी आला. १९०६ मध्ये त्याच जागी विटांची वास्तू पूर्ण झाली. पदवीधरांचे नियतकालिक १९०५ पासून निघते. त्यातील तुकडीवार वृत्ते हाच बहुतेकांच्या दृष्टीने त्याचा सर्वांत वाचनीय भाग असावा, कारण डार्टमथचा पदवीधर आयुष्यभर आपल्या तुकडीच्या सालाने ओळखला जातो. १९१३ मध्ये पदवीधर परिषद स्थापन झाली. संघाला वर्गणी नाही. प्रत्येक माजी विद्यार्थी आपोआप त्याचा सभासद असतो.

मात्र ज्या निष्ठेने जळालेली वास्तू उभी केली, तीच निष्ठा बदलाच्या आड आल्याचेही दिसते. १९७२ मध्ये विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला, तो अनेक पदवीधरांच्या विरोधाला न जुमानता. संस्थेची सनद मूळ रहिवाशांच्या शिक्षणाचा उल्लेख करते आणि तिच्या आरंभीच्या निधीचा मोठा भाग मोहेगन जमातीचा धर्मोपदेशक सॅमसन ऑकम याने इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये फिरून जमविला होता. तरीही पहिल्या दोनशे वर्षांत या समाजांतील विसाहूनही कमी विद्यार्थी येथून पदवीधर झाले. त्याच लोकांची प्रतिमा क्रीडासंघांचे चिन्ह म्हणून मिरविली जात असे. विश्वस्तांनी १९७४ मध्ये तिचा वापर संस्थेच्या ध्येयाशी विसंगत ठरविला, तेव्हा जुन्या तुकड्यांतील कित्येकांना तो आपल्या तारुण्याचाच अवमान वाटला. केवळ पुरुषांना उद्देशून असलेल्या संस्थागीताचे शब्द १९८८ मध्ये बदलण्यात आले, त्या वेळीही असाच क्षोभ झाला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा असंतोष मतपेटीतून व्यक्त झाला. अधिकृत उमेदवारांविरुद्ध सह्यांच्या अर्जाद्वारे उभे राहिलेले चार उमेदवार २००४ ते २००७ या काळात विश्वस्त म्हणून निवडून आले. सप्टेंबर २००७ मध्ये मंडळाने स्वतः नेमावयाच्या आठ जागा वाढविल्या. त्यामुळे पदसिद्ध दोघांखेरीज मंडळनियुक्त सोळा व पदवीधरांनी निवडलेले आठ असे प्रमाण होऊन १८९१ ची समानता संपुष्टात आली. १८९१ चा ठराव हा करारच होय, असे म्हणत संघाच्या कार्यकारिणीने ऑक्टोबरमध्ये न्यायालयात दावा दाखल केला. १८१९ मध्ये विश्वस्तांनी राज्याविरुद्ध केलेला युक्तिवाद आता विश्वस्तांविरुद्धच वापरला गेला. त्यावर निर्णय होण्यापूर्वीच २००८ च्या निवडणुकीत सभासदांनी दाव्याला विरोध करणारी कार्यकारिणी निवडली आणि तिने तो मागे घेतला. काही पदवीधरांनी त्यानंतर व्यक्तिशः केलेला दावाही न्यायालयाने फेटाळला.