माळवदाची माती आणि सरकारी अनुदान

श्रोतेहो, घर म्हणजे चार भिंती आणि एक छप्पर, अशी घराची व्याख्या आपण सहज करतों. परंतु त्या भिंती किती जाड असाव्यात आणि छपरावर काय घालावें, हें ठरविण्यांत त्या त्या मुलखाच्या पिढ्या खर्चीं पडलेल्या असतात. ऊन, पाऊस आणि थंडी यांच्याशीं माणसानें केलेला तह म्हणजेच त्याचें घर होय. हा तह पाळावयास पैसा लागतो, आणि तो ज्याच्यापाशीं नाहीं त्याला सरकारनें साहाय्य करावें, हा विचार आतां जगांत रूढ झाला आहे. अमेरिकेंत १९७६ सालीं गरिबांचीं घरें थंडीवाऱ्यापासून सुरक्षित करून देण्याची योजना निघाली. ब्रिटनमध्यें १९७८ सालीं खास कायदा होऊन घराच्या माळ्यावर ऊब राखणारा थर अंथरण्यासाठीं अनुदान मिळूं लागलें. तिकडचा प्रश्न थंडीचा, आपला उन्हाचा. बाहेरची धग बाहेर आणि आंतला गारवा आंत राखण्याच्या ह्या विद्येला ‘उष्णतारोधन’ असें जड नांव आहे. आपल्या मराठवाड्यांत मात्र तिचें नांव अगदीं साधें होतें: माळवद.

लातूर, नांदेड, धाराशिव ह्या बाजूच्या जुन्या गांवांतील घर बाहेरून पाहिलें तर एखाद्या लहानशा गढीसारखें वाटे. काळ्या दगडांच्या, मातींत रचलेल्या, दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती. रस्त्याच्या अंगाला खिडकी बहुधा नाहींच. आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर फळ्यांचें किंवा काटक्यांचें किलचन, आणि त्यावर फूट, दीड फूट, कधीं दोन फूट मातीचा थर. उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून माळवदाला एक भोंक ठेवीत. त्याला सवणें म्हणत. मे महिन्यांत ह्या भागांतला पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. पण दुपारची धग त्या मातींतून खालीं उतरावयास इतका वेळ लागे कीं, ती आंत पोंचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असे. तेव्हां घरची मंडळी अंथरुणें घेऊन माळवदावर निजावयास जात. विजेच्या पंख्यावांचून उन्हाळा काढण्याची ही व्यवस्था होती, आणि तिच्यासाठीं कोणत्याही सरकारचा एक पैसा खर्च झालेला नव्हता.

परंतु ह्या व्यवस्थेंत एक गुप्त दोष वाढत होता. माळवद गळूं लागलें कीं पावसाळ्यापूर्वीं त्यावर नवी माती चढवावयाची, हा रिवाज होता. जुनी माती काढून नवी घालण्यापेक्षां जुनीवर नवी घालणें सोपें. म्हणून थर पिढीगणिक जाड होत गेला. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीवर एक फूट माती असली, तर तिचें वजन साडेचार टनांच्या आसपास भरतें. दोन फूट असली तर नऊ टन. एवढें ओझें डोक्यावर घेऊन माणसें निर्धास्तपणें झोपत. त्यांचें तरी काय चुकलें? भूकंपाच्या सरकारी नकाशांत हा सारा मुलूख तेव्हां सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागांत होता. १९९२ च्या ऑक्टोबरांत किल्लारीला धक्के बसूं लागले, लोक घाबरले. पण पुढें धक्के थांबले आणि भीतिही ओसरली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें चार वाजावयास कांहीं मिनिटें असतां जमीन हादरली. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति पोंचवून आलेलीं गांवें नुकतीं निजलीं होतीं. ६·२ प्रतीचा तो भूकंप जगाच्या मानानें फार मोठा नव्हता. तरीही लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी हीं नांवें त्या दिवसापासून साऱ्या देशाला ठाऊक झालीं. हीं माणसें भूकंपानें मारलीं म्हणण्यापेक्षां घरांनीं मारलीं म्हणणें अधिक खरें आहे. दगडी भिंत वरून एकसंध दिसे, पण ती वस्तुतः दोन पापुद्र्यांची असे. आंतला थर, बाहेरचा थर, आणि मध्यें मातीखडीची भरती. दोहोंना सांधणारे आरपार दगड तींत घातलेले नसत. हादरा बसतांच हे पापुद्रे एकमेकांपासून सुटले, भिंत फुगून फुटली आणि माळवद खालीं आलें. कित्येक ठिकाणीं भिंती कोसळल्या तरी आंतला लांकडी सांगाडा उभा राहिलेला इंजिनीयरांना आढळला. म्हणजे दोष एकट्या मातीचा नव्हता. पण ज्यानें आपलीं माणसें मातीखालून उपसून काढलीं, त्याला हा भेद कोणीं समजावून सांगावा?

येथून सरकारी साहाय्याचा इतिहास सुरू होतो, आणि तोच आजच्या भाषणाचा मुख्य विषय आहे. महाराष्ट्र सरकारनें जागतिक बँकेचें कर्ज घेऊन १९९४ सालीं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला. जीं गांवें पार उद्ध्वस्त झालीं अशीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. त्यांतील घराचें क्षेत्र शेतीवरून ठरलें: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचा शेतकरी यांस २५० चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत ४००, त्याहून अधिक असल्यास ७५०. रुंद सरळ रस्ते, ओळीनें सुटीं घरें, असा नव्या गांवांचा आराखडा. जुन्या गांवठाणाच्या अनेक पटींनीं जमीन त्यांस लागली. जुन्या गांवांत अरुंद बोळांवर दोन्ही बाजूंच्या भिंतींची सावली पडे आणि शेजाऱ्याशीं सामाईक भिंत असल्यानें घराच्या एका अंगाला ऊन लागतच नसे. नव्या गांवांत प्रत्येक घर चारी बाजूंनीं उन्हांत उभें राहिलें. पातळ भिंती आणि वर सिमेंटचा सपाट स्लॅब, हें त्याचें नेहमींचें रूप झालें.

दुसरा भाग याहून व्यापक होता. ज्या हजारों गांवांत घरें पडलीं नाहींत, पण तडकलीं, त्या गांवांसाठीं दुरुस्ती व मजबुतीकरणाचें अनुदान होतें. नुकसानीच्या प्रमाणांत १७,००० किंवा ३४,००० रुपये, तेही कामाची प्रगति पाहून हप्त्यांनीं. घर बांधावयाचें मालकानें. सल्ला इंजिनीयरनें द्यावयाचा. लोकांना ही योजना कळावी म्हणून गांवोगांवीं ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रियांची नेमणूक झाली, आणि ज्या बायकांना घराच्या बांधणींत कोणी विचारीत नसे त्या सिमेंटचें प्रमाण विचारूं लागल्या. हें ह्या कार्यक्रमाचें खरोखर भूषण होतें. पावणेदोन लाखांहून अधिक कुटुंबें ह्या योजनेच्या कक्षेंत आलीं. एवढ्या लोकांनीं सरकारी पैशानें स्वतःच्या देखरेखीखालीं घर सुधारावें, असा प्रयोग ह्या देशांत त्यापूर्वीं क्वचितच झाला असेल.

आतां मौज अशी कीं, जुनें घर राखूनच तें निर्धोक कसें करावें, याचें शास्त्र त्याच वेळीं उपलब्ध होतें. रुडकीचे भूकंपशास्त्रज्ञ आनंदस्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनीं सांगितलेले उपाय सोपे होते. भिंतींत भोंकें पाडून आरपार सांधे घालावे. दारांच्या माथ्यावरून घराभोंवतीं एक पट्टी फिरवावी. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार द्यावे. आणि माळवदाची माती सुमारें आठ इंचांपर्यंत उतरवून तींत पाणी न मुरूं देणारा प्लॅस्टिकचा कागद घालावा. ह्या शेवटच्या उपायाकडे विशेष लक्ष द्यावें. पाणी मुरणार नाहीं, म्हणून दर वर्षीं माती चढवावी लागणार नाहीं. ओझें हलकें होईल. आणि तरीही धग अडविण्यापुरती माती डोक्यावर राहील. सुरक्षितता आणि गारवा ह्यांची तडजोड ह्या एका वाक्यांत होती.

पण ती बहुतेकांनीं स्वीकारली नाहीं. अनुदान घेतलेल्या कुटुंबांपैकीं बहुसंख्य लोकांनीं जुनें घर मजबूत करण्याऐवजीं त्याच्या शेजारीं विटांची एक नवी खोली बांधली, आणि तिच्यावर स्लॅब किंवा पत्रा घातला. याचें पहिलें कारण भीति, आणि ती भीति कोणाला नांवें ठेवण्यासारखी नव्हती. दुसरें कारण मात्र विचार करण्याजोगें आहे. नवी खोली डोळ्यांना दिसते. तिचा पाया, भिंत, छप्पर असे टप्पे मोजतां येतात आणि त्यांवर हप्ता सोडतां येतो. भिंतीच्या पोटांत घातलेला सांधा कोणास दिसणार? आणि खोलींतला गारवा मोजण्याचा रकाना तर कोणत्याच कागदावर नव्हता. सरकारी साहाय्य जें मोजतें तें घरांत उतरतें. जें मोजीत नाहीं तें हळूहळू घरांतून निघून जातें.

परिणाम काय झाला तो ह्या भागांतल्या कोणाही गृहिणीला विचारावा. दुपारीं तापलेला चार-पांच इंची स्लॅब सूर्य मावळल्यावर खोलींत उष्णता सोडूं लागतो. पत्रा तर सूर्याबरोबरच तापतो. त्यावर कडबा पसरणें, ओलीं पोतीं टाकणें, पुढें मांडव घालणें, हे उपाय लोकांनीं आपल्या बुद्धीनें शोधले. ज्यांना जमलें त्यांनीं कूलर घेतला आणि विजेचें बिल अंगावर घेतलें. मोडक्या जुन्या घरांत दुपारची वामकुक्षी आणि नव्या खोलींत रात्रीची झोंप, अशीही विभागणी झाली. भूकंपाची भीति नव्या खोलींत नेई आणि ऊन जुन्या घरांत परत आणी.

ही गोष्ट एका भूकंपापुरती राहिली असती तर तिचा एवढा ऊहापोह करण्याचें कारण नव्हतें. पण पुढील साऱ्या घरकुल योजनांनीं तोच कित्ता गिरविला. २००५ सालीं सुरू झालेल्या नागरी पुनर्निर्माण अभियानांत नांदेड शहराचा समावेश झाला आणि तेथील गरीब वस्त्यांत सिमेंटचीं पक्कीं घरें उठलीं. २०१६ सालच्या ग्रामीण आवास योजनेंत मैदानी प्रदेशांतील घराला १ लाख २० हजार रुपये आणि निदान २५ चौरस मीटर जागा ठरली. त्या योजनेसाठीं प्रदेशानुरूप आराखड्यांचा संग्रहही केंद्र सरकारनें तयार करविला, हें नमूद केलें पाहिजे; पण हप्ता सुटतो तो बांधकामाच्या टप्प्यांवर. २०१८ सालीं केंद्राची ‘इको निवास संहिता’ निघाली. तींत भिंती आणि छप्पर यांतून किती उष्णता आंत यावी याची मर्यादा आहे. मात्र ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठीं; ज्याचें घरच २५ चौरस मीटरांचें, त्याच्या दारापर्यंत ती पोंचत नाहीं. २०२४ सालीं घराच्या छपरावर सूर्यापासून वीज करण्यासाठीं ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झालें. योजना चांगली आहे. पण ऊन पकडण्यास साहाय्य मिळावें आणि ऊन अडविण्यास मिळूं नये, हा योग थोडा चमत्कारिक आहे. नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणानें मात्र २०२३ सालीं छपरें थंड राखण्याचें धोरणच जाहीर केलें.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गारव्याच्या ओढीनें पुन्हां जुन्या, बोजड माळवदाकडे जा, असें कोणी सांगूं लागेल तर तें आठ हजार मृतांना विसरणें होईल. २००२ सालच्या संहितेनें लातूरचा भाग तिसऱ्या विभागांत घातला, तो उगाच नव्हे. २१ मार्च २०२४ च्या सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत ४·५ प्रतीचा धक्का बसला आणि तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. त्या दिवशीं प्रशासनानें लोकांना एक सूचना केली: पत्र्यांवर आधारासाठीं दगड ठेवले असतील तर ते काढून घ्या. श्रोतेहो, ह्या सूचनेंत तीस वर्षांचा इतिहास सामावला आहे. जड माती गेली, हलका पत्रा आला. तो वाऱ्यानें उडूं नये म्हणून माणसानें त्यावर पुन्हां दगड ठेवला. ओझें डोक्यावरून पुरतें उतरलें नाहीं. गारवा तेवढा गेला.

तेव्हां करावयाचें काय? फार थोडें. अनुदानाच्या कागदावर पाया, भिंत, छप्पर ह्या रकान्यांच्या शेजारीं आणखी एक रकाना हवा: छपराला उन्हापासून काय संरक्षण दिलें? त्या रकान्यांत चुन्याचा पांढरा हात असो, स्लॅबवर उलटीं मांडलेलीं मडकीं असोत, पत्र्याखालीं बांबूच्या चटईचें दुसरें छत असो, किंवा जलरोधक कागदावरील मर्यादित मातीचा थर असो. त्यासाठीं हप्त्याचा एक लहानसा भाग राखून ठेवला म्हणजे झालें. भूकंप एखाद्या गांवाला शतकानुशतकांत एकदां गांठतो. वैशाख दर वर्षीं येतो. किल्लारीच्या पिढीनें पहिल्यापासून रक्षण मागितलें आणि तें तिला मिळालें. दुसऱ्यापासून रक्षण मागणें हा आतां तिच्या नातवंडांचा हक्क आहे, आणि तें देण्याची विद्या ह्याच मातींत, आठ इंचांच्या मापानें, केव्हांच सांगून ठेवलेली आहे.