कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. जगभरच्या वस्तू कंटेनरांतून येथे उतरतात आणि देशभर जातात. याच परिसरात आगरी-कोळी समाजाची जुनी वस्ती आहे. तेथील लग्नात धवलारीण धवळे गाते. लग्नाचे विधी या गाण्यांच्या साथीने पार पडतात. ही गाणी बहुतांशी ऐकून, पाठ करूनच पुढच्या पिढीकडे आली. बंदरासाठी जमिनी गेल्या, जुन्या शेव्यातील वस्ती हलली, जगण्याची रीत पालटली. जाणती धवलारीण गेली की तिच्याबरोबर तिची गाणीही जातात. ती टिपून ठेवायची, तर शाळेला परवडेल असा मायक्रोफोन कोणता? घरी गिटार घेऊन गाणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच प्रश्न पडतो. त्याचे उत्तर मायक्रोफोनच्या इतिहासातच दडले आहे.

मायक्रोफोनशिवाय ध्वनिमुद्रण

भारतात ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणे केली. तेव्हा वीज वापरलीच जात नव्हती. गायक मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गात असे. आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हाले आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जाई. हे सारे काम केवळ आवाजाच्या ऊर्जेवर चाले, म्हणून गायकाला आवाज चढवूनच गावे लागे. साधारण २०० ते २००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले ध्वनी नीट उमटत. तंबोऱ्याची गुंजन जवळजवळ हरवून जाई. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली आणि १९३० नंतरची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली, तर गायक तोच असूनही यंत्र किती बदलले ते ध्यानात येते.

कोळसा, धारित्र आणि तारेचे वेटोळे

१८७० च्या दशकाच्या अखेरीस कोळशाचा मायक्रोफोन आला. आवाजाच्या दाबाने कोळशाचे कण कमी-अधिक दाबले जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यानुसार प्रवाहही बदलतो. टेलिफोनला हे पुरेसे होते. पण खरखर फार असल्याने संगीताला ते मानवले नाही.

१९१६ मध्ये अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन बनवला. त्यात एक पातळ पडदा आणि एक पत्रा मिळून धारित्र तयार होते. पडदा हलला की दोहोंतील अंतर बदलते, म्हणून धारकताही बदलते. १९२५ पासून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. आता हळुवार सूरही टिपता येऊ लागला. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्यासारख्या गायकांनी मराठी भावगीत घराघरांत नेले. त्या गायकीला मायक्रोफोनचा मोठा आधार होता, असे आम्हाला वाटते. कानात सांगावे तसे गाणे कर्ण्यापुढे शक्यच नव्हते.

१९३१ च्या सुमारास डायनॅमिक मायक्रोफोन बाजारात आला. यात पडद्याला तारेचे हलके वेटोळे जोडलेले असते. ते चुंबकाच्या क्षेत्रात हलले की वीज निर्माण होते, फॅरडेचाच नियम! पुढे १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन घडवला. कायम विद्युतभार धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पटलामुळे पडद्याला वेगळा मोठा दाब पुरवण्याची गरज उरली नाही. मायक्रोफोन लहान व स्वस्त झाला तो यामुळे.

मग कोणता घ्यावा?

कंडेन्सरचा पडदा हलका, म्हणून गिटारची तार छेडतानाचा बारीक खणखणाट तो चांगला टिपतो. पण पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या ट्रेलरचा आवाजही तितक्याच निष्ठेने टिपतो. शिवाय बहुतेक कंडेन्सरना ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. संगणकाला थेट जोडायच्या यूएसबी प्रकाराला तो वेगळा द्यावा लागत नाही. डायनॅमिक दणकट असतो आणि त्याला पुरवठा लागत नाही, मात्र तो तोंडाजवळ धरावा लागतो. खोली शांत असेल तर कंडेन्सर, गजबजलेली असेल तर डायनॅमिक, असा आमचा सल्ला आहे. पैसे अगदीच थोडे असतील तर काही शे रुपयांना मिळणारा, कॉलरला लावायचा इलेक्ट्रेटही बोलणे किंवा एकट्या गळ्याचे गाणे टिपायला उपयोगी पडतो.

तथापि किमतीपेक्षा अंतर महत्त्वाचे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक-चतुर्थांश होते. गाणारी १५ सेंटिमीटरऐवजी ६० सेंटिमीटरवर बसली, तर तिच्या आवाजाची तीव्रता सोळाव्या हिश्शावर येते. खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. गिटारसाठी मायक्रोफोन भोकासमोर धरू नये, तेथे घुमारा फार येतो. दांडी जेथे खोक्याला मिळते तिकडे रोखून वीत-दीड वीत अंतरावर ठेवावा. भिंतींवर गोधड्या टांगल्या तर प्रतिध्वनी बराच कमी होतो आणि खर्च काहीच येत नाही.

वर्गात करून पाहा

जुन्या हेडफोनचा प्लग संगणकाच्या माइकच्या खाचेत घाला आणि हेडफोनमध्ये बोला. क्षीण का होईना, आवाज मुद्रित होतो. ध्वनिवर्धक उलटा वापरला की डायनॅमिक मायक्रोफोन होतो, हे मुले विसरणार नाहीत. मग एकच गाणे १५ आणि ६० सेंटिमीटरवरून मुद्रित करून दोन्ही ऐकवा.

यानंतर विद्यार्थ्यांना गावातल्या एखाद्या आजींकडे न्यावे. त्यांची परवानगी आधी घ्यावी. मुद्रणाच्या सुरुवातीलाच त्यांचे नाव, गाव, दिनांक आणि गाणे कोणत्या विधीचे आहे ते त्यांच्याच आवाजात नोंदवावे. मुद्रणाची एक प्रत शाळेत ठेवावी व एक त्यांच्या घरी द्यावी. मायक्रोफोन पुढच्या वर्षीही मिळेल. आजींचे गाणे मात्र याच वर्षी टिपायला हवे.