गिझर का ठिबकतो? न्हाणीघरातला साडेतीनशे वर्षांचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, तह आणि लढाया आठवतात. आज मी तुम्हाला न्हाणीघरात नेणार आहे. भिंतीवरच्या गिझरकडे जरा नीट बघा. तुम्ही बेळगावात असा, इंदुरात असा की हैदराबादेत, या यंत्राच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच. खालचा व्हॉल्व्ह ठिबकतो. पाणी तापायला वेळ लागतो आणि टाकीत खडखड वाजतं. काही वर्षांत टाकी गंजून गळायला लागते. चौथी गोष्ट गॅसच्या गिझरची. तिथे कधी कधी तक्रार करायला माणूसच उरत नाही.

मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. यातलं जे आपल्याला बिघाड वाटतं, त्यातलं काही मुद्दाम केलेला बंदोबस्त आहे. तो कुणी, कशासाठी केला हे माहीत नसलं की आपण तो बुजवून टाकतो.

आधी आपला तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळी, तिच्यात निखारे, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. वरचं झाकण नुसतं ठेवलेलं. पाणी फुगलं, उकळलं, तरी वाफ झाकण उचलून निघून जाई. बंब बहुधा मागच्या पडवीत किंवा उघड्या न्हाणीत पेटायचा, त्यामुळे धुरालाही वाट असे. गिझरनं आपली राख आणि फुंकणी सोडवली, पण पाणी बंद टाकीत कोंडलं. कोंडलेल्या पाण्याचे प्रश्न वेगळे असतात.

पहिला प्रश्न दाबाचा. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेलं की ते साधारण दीड टक्का फुगतं. म्हणजे २५ लिटरच्या टाकीत सुमारे साडेतीनशे मिलिलिटर जास्तीचं पाणी तयार होतं. ते जाणार कुठे? थंड पाण्याच्या नळीत ते मागे जाऊ नये म्हणून एकेरी झडप असते. मग उरतो तो प्रेशर व्हॉल्व्ह. तो ठिबकतो तो यासाठी.

या व्हॉल्व्हचा पूर्वज दनी पापँ या फ्रेंच माणसाचा. १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यानं एक घट्ट बंद भांडं मांडलं. त्यात हाडंसुद्धा मऊ शिजत. असं भांडं फुटू शकतं हे ओळखून त्यानं वाफेच्या भोकावर वजन लावलेली एक दांडी बसवली. दाब वाढला की वजन उचललं जायचं, वाफ सुटायची. आपल्या कुकरची शिट्टी त्याच कल्पनेची नात आहे. कुकरची शिट्टी होते म्हणून ती बुचानं बंद करणारं घर मी पाहिलेलं नाही. गिझरच्या ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हला मात्र बूच मारलेलं पाहिलं आहे. दोन्ही एकच गोष्ट आहे!

थर्मोस्टॅट अडकला आणि व्हॉल्व्हही बंद असला, तर दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या पुढेही तापत राहतं. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशेपट जागा लागते. म्हणून तापताना थोडं ठिबकत असेल तर नळी जोडून ते खाली सोडा. गिझर बंद असतानाही धार लागली असेल, तर वरच्या लाईनचा दाब तपासून घ्या किंवा व्हॉल्व्ह बदला. व्हॉल्व्हमधून वाफ येत असेल तर मेन स्विच बंद करा आणि मिस्त्री येईपर्यंत गिझर लावू नका.

दुसरा प्रश्न क्षारांचा. १७६७ साली हेन्री कॅव्हेंडिश यानं लंडनच्या रॅथबोन प्लेस इथल्या पंपाचं पाणी उकळून पाहिलं. तळाशी चुन्याची माती बसली. त्यानं दाखवलं की हा चुना पाण्यात टिकतो तो त्यात विरघळलेल्या वायूमुळे, म्हणजे आपल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. पाणी तापलं की वायू निघून जातो आणि चुना खाली बसतो. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरमध्ये रोज तेच घडतं. कॉईलवर पांढरा थर चढतो, उष्णता पाण्यात पोचत नाही, कॉईल आतल्या आत तापून जळते. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याची ती खडखड. जड पाणी असेल तर वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या आणि थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा. त्यापुढे थर फार वेगानं चढतो.

तिसरा प्रश्न गंजाचा. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यानं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. गंमत अशी की तांबं पाण्यात विरघळेनासं झाल्यावर जहाजांच्या बुडाला शंखशिंपले चिकटले, जहाजं मंदावली आणि आरमारानं तो उपाय सोडला. तत्त्व मात्र टिकलं. तुमच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते, तिचं कामच ते. सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रीला ती बाहेर काढून दाखवायला सांगा. आतली तार दिसू लागली असेल तर नवी बसवा. टाकीच्या किमतीपुढे कांडीची किंमत काहीच नाही.

आता चौथी गोष्ट, सगळ्यात गंभीर. ‘गिझर’ हा शब्द आला आइसलंडमधल्या गेसिर नावाच्या उष्ण कारंज्यावरून. १८६८ साली बेंजामिन वॉडी मॉन यानं लंडनमध्ये गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र केलं आणि त्याला हे नाव दिलं. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. त्याआधीच, १८५०च्या दशकात, क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. तो रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस अर्धवट जळाला की तो तयार होतो.

बंद न्हाणीघरातला गॅस गिझर आजही त्याच जागी उभा आहे. थंडीत आपण खिडकी लावतो, झरोक्याला कागद चिकटवतो आणि वाट बुजवतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मग आंघोळीला जा. आंघोळ करताना डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं तर लगेच बाहेर या. आत कुणी पडलं असेल तर आधी दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि ११२ला फोन लावा.

पापँचं वजन, डेव्हीचे तुकडे, भिंतीतला झरोका: तिन्ही गोष्टी वाट देण्यासाठी किंवा स्वतः झिजण्यासाठी ठेवलेल्या आहेत. आज घरी गेलात की गिझरखाली उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. व्हॉल्व्हला बूच नाही ना, कांडी शेवटची कधी बदलली, आणि झरोका उघडा आहे ना. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.