गाणं वाचणारा माणूस

आजोबांची खोली धोबीतलावला होती आणि समोर गोवेकरांची कूड. गोव्यातल्या एकेका गावाची अशी स्वतंत्र कूड असे. बोटीवरची नोकरी शोधणारे आणि वाजवणारे तिथे ट्रंकेला ट्रंक लावून राहत. संध्याकाळची रोझरी आटोपली की त्यातला एक जण सॅक्सोफोन घेऊन गच्चीवर येई. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बाज्याच्या तोंडात बनियन कोंबलेलं; तरी सूर पोचायचाच.

आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, सगळं कानावरून. हा माणूस मात्र समोर कागद ठेवायचा. कागद पालटला की गाणं पालटे. "अरे, तो गाणं वाचतो!" हे सांगताना ऐंशीव्या वर्षीही आजोबांचे डोळे मोठे व्हायचे.

हे वाचन आलं गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून. प्रार्थनेच्या गायन-वादनासाठी पोरांना लहानपणीच स्वरलिपी शिकवत. मुंबईत त्या विद्येची भाकरी झाली. 1935 साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि जॅझ इथे रुजला. पुढे दारूबंदीनं क्लब ओस पडले, तेव्हा अनेकांना सिनेमाच्या स्टुडिओंनी पोसलं. हळदोण्याचे अंतोनियो वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ चितळकर यांचे सहायक होते. 1951 च्या 'अलबेला'त पुणतांब्याच्या चितळकरांची चाल आणि हळदोण्याचं ट्रम्पेट एकत्र आलं. मराठी माजघरात जॅझ शिरला तो याच वाटेनं, असं मी मानतो.

चिक चॉकलेटचे जावई ब्राझ गोन्साल्विस, नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक. 1970 मध्ये त्यांची 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका आली. सॅक्सोफोनला कळा असतात, पेटीच्या पट्ट्यांसारख्या. सूर ठरलेले. मींड हवी तर ओठ आणि जबडा सैल-घट्ट करत सूर वाकवावा लागतो. पेटीवर हे कधीच जमत नाही, ही आजोबांची जन्मभराची खंत. मामांनी ती मुद्रिका त्यांना ऐकवली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परत लाव."

1978 चा पहिला 'जॅझ यात्रा' महोत्सव रंगभवनात भरला, खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स आले होते. मामा आजोबांना घेऊन गेले. आजोबांनी आधी रॉलिन्स यांच्यासमोर कागद आहे का ते पाहिलं. कागद नव्हता. मामांचा हात दाबून ते म्हणाले, "हा आपल्यातला."

रंगभवनातले कार्यक्रम पुढे बंद पडले. परिसर शांतता क्षेत्रात गेला. आजोबाही गेले. गच्चीवरच्या माणसाचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पन्नाशीच्या दशकात धोबीतलावच्या कुडीत राहून सॅक्सोफोन वाजवणारं कुणी तुमच्या घरच्यांच्या आठवणीत असेल, तर मला जरूर कळवा.